दाब, धर, सोड

"तोंड बंद ठेव वं, तोंडात जाईन," गाडीच्या सीटवरून बबनराव ओरडले, आणि तेवढ्यात ते गेलंच.

इंदूबाई गाडीखाली उताणी पडली होती. पाठीखाली तुरीचं रिकामं पोतं, अंगात नवऱ्याचा जुना शर्ट, हातात पाना. ब्रेकचं तेल आधी मनगटावर आलं, कोपरापर्यंत घरंगळलं आणि तिथून थेंब सरळ ओठांवर पडला. कडू, मागून गोडसर. तापातून उठल्यावर तोंडाला असते तशी चव. ती मान वळवून थुंकली. पण गाडीखाली धड थुंकायलाही जागा नसते. थुंकी तिच्याच दंडावर पडली.

"गेलं न?"

"नाई. सरबत पिऊन राह्यली."

डोळ्यांसमोर गाडीचं पोट होतं. वाळलेला चिखल, ग्रीसचे काळे गोळे, त्यात रुतलेल्या उंदराच्या लेंड्या. आणि नेमकी नाकाच्या रेषेत, चेसिसला चिकटून वाळलेली एक पाल. तिचा एक डोळा शाबूत होता.

"दाबा," इंदूबाई म्हणाली.

वर पेडल हललं.

"दाबा. दाबा. आता धरा. धरून ठेवा."

तिनं पाना इवलासा फिरवला. पारदर्शक नळीतून तेल आलं, त्यामागे बुडबुड्यांची माळ. तिनं पाना उलटा फिरवून घट्ट केला.

"सोडा."

ही नळी सलाईनची होती. दोन वर्षांपूर्वी यवतमाळला बबनरावांच्या पाठीचं ऑपरेशन झालं, मणक्यात सळ्या बसल्या. शुद्ध आल्यावर त्यांनी सिस्टरला पहिला प्रश्न विचारला तो पाठीबद्दल नव्हता. हाताला लावलेल्या नळीकडे पाहत ते म्हणाले होते, "सिस्टर, हे फेकता का तुमी? मले देता का?" घरी आणली तेव्हा तिच्या टोकाशी वाळलेलं रक्त होतं. इंदूबाईला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आणि आज तीच नळी तिच्या बोटांत.

परात

इंदूबाई आणि गाडी या घरात एकाच महिन्यात आल्या. इंदूबाई राळेगावहून एसटीनं आली. गाडी जिनिंगच्या रुईच्या गोदामातून चार माणसांनी ढकलत आणली. घाटंजीत लोक म्हणायचे, बबनच्या घरी दोन नव्या आल्या, पाहू कोणती आधी चालते.

जिनिंगमालकाच्या मुलानं ही गाडी मुंबईहून आणली होती. इंग्रजी बनावटीची, लाल, दोन सीटची, वर टप नाही, आणि इतकी बुटकी की बसलेल्या माणसाच्या तोंडावर बैलगाडीची धूळ यावी. दोन हंगाम त्यानं ती उडवली, मग तो परदेशी गेला आणि गाडीवर कापसाची धूळ साचत राहिली. बबनराव त्या जिनिंगमध्ये फिटर. सरकीच्या यंत्रांचे नट इंची मापाचे, पानेही इंची. गावात ते पाने दुसऱ्या कोणाकडे नव्हते. गाडीचेही नट इंचीच निघाले. मालक म्हणाला, घेऊन जा, नाहीतर भंगारात टाकतो. एवढ्यावर एका माणसाचं आयुष्य ठरलं. माणसाचंच कशाला, बाईचंही.

इंदूबाईसोबत माहेरहून पितळी परात आली होती. काठावर टोचून अक्षरं कोरलेली: इंदू हिस आईकडून. लग्नाला महिनाही झाला नसेल, ती दळण घेऊन घरी आली तर परात गाडीखाली. तिच्यात इंजिनाचं जुनं ऑइल, जाड, काळं, आणि त्यात एक माशी पोहण्याचा प्रयत्न करत होती.

"घासून देतो न," बबनराव म्हणाले.

घासून दिली. माती लावून, रॉकेल लावून, पुन्हा माती लावून. त्या संध्याकाळच्या भाकरीचा पहिला घास सासऱ्यांनी तोंडातून काढून ताटाबाहेर ठेवला आणि ते उठले.

बाकीचं

चहाची गाळणी, पेट्रोल गाळायला. तवा, बेअरिंग तापवायला. दात घासायचे ब्रश, वापरात असलेले. प्रेशर कुकरमध्ये कार्बोरेटरचे भाग सोड्यात उकळले गेले आणि शिट्टीसोबत घरभर जो वास सुटला, तो अमर पोटात असताना. ती मोरीपर्यंतही पोहोचू शकली नव्हती. शेवेच्या साच्यात ग्रीस भरून, खालच्या चकतीला भोक पाडून, चाकाच्या बेअरिंगमध्ये दाबलं गेलं. दिवाळीच्या तोंडावर. शेजारच्या वेल्डिंगवाल्या जलालभाईंना हे इतकं आवडलं की ते दारात उभं राहून म्हणाले, "भाभी, तुमच्या किचनात एक लेथ बसवला न, की मी माहं दुकान बंद करतो."

आणि फिलर. पातळ पात्यांचा पंखा असतो तो, वॉल्वमधली फट मोजायचा. पण ते काम क्वचित पडे. एरवी बबनराव त्याच्या सगळ्यात पातळ पात्यानं दाढेतली सुपारी काढत. काढलेली सुपारी आधी पाहत. मग पातं शर्टाला पुसत.

बायकांच्या नवऱ्यांना दारूचं व्यसन असतं, सट्ट्याचं असतं. त्या निदान कोणाला तरी सांगू शकतात.

हे सगळं एकदा गेलं की परत येत नसे. त्याला कारण खंडेनवमी. त्या दिवशी बबनराव पाटावर लाल फडकं घालून पाने मांडत, मोठ्यापासून लहानापर्यंत, मग जॅक, उचललेली गाडी टेकवायच्या घोड्या, ग्रीस. त्यांच्याच शेजारी परात, गाळणी, तवा, साचा. सगळ्यांना हळद, कुंकू, झेंडू. पहिल्या वर्षी इंदूबाईनं परात उचलायला हात पुढे केला तर सासू म्हणाली, "राहू दे वं. पाटावर बसलं, आता थे अवजार झालं. चुलीकडे नको आणू."

तिनं बाजारातून जर्मनची परात आणली. तिच्यात अजून कणीक मळते. पोचे आले आहेत.

दाब. दाब. धर.

ब्रेकच्या नळ्यांत हवा शिरली की पेडल पोकळ लागतं. ती हवा एकट्या माणसाला काढता येत नाही. एकानं वर बसून पेडल दाबायचं आणि धरायचं, दुसऱ्यानं खाली पडून चाकामागचं निपल, म्हणजे तेलाची बारीक तोटी, सैल करायचं, हवा जाऊ द्यायची, पुन्हा आवळायचं. तोवर वरच्यानं पाय हलवायचा नाही. पाय आधी सुटला तर हवा परत आत जाते आणि सगळं पहिल्यापासून.

वर बसायला दरवेळी इंदूबाई.

"दाब."

"भाजी लागून राह्यली."

"दाब वं. दाब. धर."

"धरलं."

"सोडू नको."

"नाई सोडत. भाजी लागली."

"सोड."

"लागली न भाजी."

"दाब."

लग्नात एकमेकांशी काय बोललात, असं कोणी विचारलं तर इंदूबाईला हे एवढंच आठवलं असतं.

एकदा, अमर तेव्हा चालायलाही लागला नव्हता, बबनरावांनी तिला त्या गाडीतून माहेरी न्यायचं ठरवलं. अर्ध्या वाटेत पाणी उकळलं, बॉनेटमधून वाफ आली. तिच्या नव्या साडीवर गंजाचे शिंतोडे. ती लेकराला घेऊन एसटीत बसली. मागच्या काचेतून पाहिलं तर बबनराव रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून गाडीला रुमालानं वारा घालत होते. तिला नाही, लेकराला नाही, गाडीला.

त्याच वर्षीची खंडेनवमी. अष्टमीच्या रात्री सुरू केलेलं काम उजाडायच्या आत संपून ब्रेक नीट लागले होते म्हणून बबनराव खुशीत. इंदूबाई अजून सीटवरच बसली होती, पाय बाहेर काढून, चप्पल शोधत. ते ताट घेऊन पाटाकडे निघाले होते. वाटेत थांबले, खाली वाकले आणि तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला हळद लावली. वर कुंकू.

समोरच्या कट्ट्यावर माणसं बसलेली. कोणीतरी शिट्टी वाजवली.

"मी काय पाना हाओ का?" इंदूबाई ओरडली. पाय असा मागे घेतला की गुडघा दारावर आपटला. सासू आतून आली, तिनं पाहिलं आणि ती लेकाला म्हणाली, "बायकोच्या पायाले हात लावते, लाज नाई वाटत?" हे सगळं गल्लीनं ऐकलं. इंदूबाईनं मोरीत जाऊन अंगठा सोड्यानं घासला, कातडी सोलेपर्यंत. गल्ली पुढे कितीतरी दिवस तिला पाहून हसत होती. बबनरावांनी पुन्हा कधी तिच्या पायाला हात लावला नाही.

तरी पेडल दाबायला बोलवायचं त्यांनी थांबवलं नाही. आणि तिनंही जायचं थांबवलं नाही.

अमरचा फोन

"बाबा, तुमच्यानं आता वाकवत नाही. ठेवून काय करणार? एक रिसॉर्टवाला तयार आहे. जंगलाच्या वाटेवर नवीन काढलंय त्यानं. पाहुण्यांसाठी पाहिजे म्हणतो."

"पाहुण्याईले फिरवन का?"

"फिरवेल नं."

बबनरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "ने म्हणा. पण ओढत नाई नेऊ देणार. स्वतःच्या पायानं गेली पाह्यजे."

घरासमोरची गल्ली उताराची, खाली हापसी, त्यापलीकडे नाली. गाडी वाहून नेणाऱ्या ट्रकच्या फळीवर चढवताना इंजिन बंद पडलं तर ती मागे घसरत थेट हापसीवर. म्हणून ब्रेक पाहिजेत. ब्रेकमध्ये हवा. बबनरावांच्या पाठीत सळ्या. आणि ट्रक नेमका खंडेनवमीला येणार, कारण पुण्यात बसून तारीख ठरवणाऱ्या अमरनं कॅलेंडरचा तेवढा भाग पाहिला नव्हता. खंडेनवमीला अवजाराला हात लावत नाहीत. म्हणजे काम आदल्या दिवशी, अष्टमीला.

"मी खाली जाते," इंदूबाई म्हणाली होती. बबनराव तिच्याकडे पाहत राहिले. "तोंड कायले पाहून राह्यले? एकदाची जाऊ द्या घरातून. मले मोरीत तेलाचा वास नको, बस."

तर ती खाली होती. चारही चाकं. प्रत्येक चाकामागे तीच घाण, वेगळ्या चवीची.

"दाबा. धरा."

शेवटच्या चाकाशी नळीत नुसतं तेल आलं. बुडबुडा नाही. तिनं उगाच पुन्हा एकदा करून पाहिलं.

"सोडा."

ती बाहेर आली तेव्हा तिच्या केसांत जाळी होती आणि दातांत कडवटपणा. बबनराव सीटवर बसून पेडल हळूहळू दाबत होते. पेडल अर्ध्यावर येऊन दगडासारखं थांबत होतं.

"कसं हाय?" तिनं विचारलं.

त्यांनी नुसता पाय काढला आणि पुन्हा ठेवला.

नवमी

यंदा खाली बसता येत नाही म्हणून बबनरावांनी पाट ओट्यावर मांडला, स्वतः शेजारी टेकले. पाने ओळीनं लावले. परात ठेवली. ठेवणीतला पांढरा शर्ट घातला, कारण गाडी फळीवर तेच चढवणार होते. हळद-कुंकू झालं, झेंडू वाहिला. ताट खाली ठेवलं नाही तोच ट्रक आला.

रिसॉर्टचा मॅनेजर कपिल आधी उतरला. गॉगल, टोकदार बूट, नागपुरी घाई. त्याच्यामागे ट्रकचा ड्रायव्हर, गालात खर्रा. ड्रायव्हरनं गाडीकडे पाहिलं, गेटच्या खांबाला लाल पिचकारी मारली आणि म्हणाला, "हेच का?"

पिचकारी खांबावरून ओघळत खालच्या पायरीपर्यंत आली. इंदूबाई त्या ओघळाकडे पाहत राहिली. चाळीस वर्षं तिनं या घरात तेल पुसलं होतं, ग्रीस पुसलं होतं. ते निदान काहीतरी करण्यातून सांडलेलं होतं.

"वा, टूल्स रेडीच आहेत!" कपिल ओट्याशी आला. "काका, हे पण आपल्याकडे येणार ना? अमरसरांशी बोलणं झालंय."

"आज हात नसते लावत," बबनराव म्हणाले.

"मग मी लावतो," कपिल हसला आणि त्यानं पाटावरून पाने उचलायला सुरुवात केली. दोन-दोन, तीन-तीन, जसे हाताला येतील तसे. एका खोक्यात टाकले. लोखंड लोखंडावर आपटलं. झेंडू खाली पडले, बुटाखाली आले. "कॅफेच्या भिंतीवर लावणार आहोत. लाकडी बोर्ड, मागून लाइट. सुपर दिसेल."

"भिंतीवर?" आपल्याला नीट ऐकू आलं नसावं, असं बबनरावांना वाटलं. "अन् गाडीचं काम कायनं करान?"

"कसलं काम? काका, इंजिन तर काढून टाकतोय. बॉनेट उघडं ठेवून त्यात फुलझाडं लावायची. जरबेरा वगैरे. लोक आत बसून फोटो काढतील. आता तुमची गाडी रोज शंभर मोबाइलमध्ये जाईल, पाहा तुम्ही."

बबनरावांनी शर्टाच्या खिशाला हात लावला. खिशात गाडीची किल्ली होती. हात तिथंच राहिला.

"ही परात पण टूल आहे का?" कपिलनं परात फिरवून काठ पाहिला. "अरे, नाव कोरलंय! अँटिक. ही पण चालेल."

"ठेव ते खाली," इंदूबाई म्हणाली.

"काकू, सेटमध्येच आहे ना?"

"सेटमध्ये नाई. ते माही परात हाय. ठेव."

त्यानं ठेवली. बोटाला लागलेलं कुंकू पँटला पुसलं.

ड्रायव्हरनं तोवर ट्रकच्या फळ्या खाली लावल्या होत्या आणि लोखंडी दोराचा हूक गाडीच्या पुढच्या अंगाला अडकवला होता. बबनराव ओट्यावरून उठले, भिंत धरत. "चालू होते न गाडी. मी चढवतो. ब्रेकची हवा काढली काल. यायनं काढली." त्यांनी इंदूबाईकडे बोट दाखवलं.

"काका, रिस्क नको. दोन मिनिटांचं काम आहे. ओढून घेतो."

"ओढायची नाई, असं ठरलं होतं."

"कोणाशी?" कपिलनं खरंच विचारलं. टोमणा नव्हता. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

ड्रायव्हरनं बटण दाबायच्या आधी तोंडातला उरलेला खर्रा रिकामा करायला जागा शोधली. गाडीला टप नव्हताच. तो दारावरून वाकला आणि आत, सीटपुढच्या खाचेत थुंकला.

इंदूबाई ओट्यावरून उतरली. कोणाला काही कळायच्या आत ती दार उघडून चालकाच्या सीटवर बसली. लाल ओघळाला पदर लागू नये म्हणून पदर कमरेला खोचला. चप्पल बाहेरच गळून पडली.

"काकू, उतरा ना. सेफ नाही ते."

ती समोर पाहत होती.

"बसू दे बे," ड्रायव्हर म्हणाला. "मावशीले शेवटचा राउंड मारायचा असन." आणि त्यानं बटण दाबलं.

दोर ताणला. गाडी हलली नाही. दोर गुंडाळणाऱ्या मोटरचा आवाज जाड झाला, मग आणखी जाड. दोर तंबोऱ्यासारखा वाजला आणि चारही चाकं रुतल्यासारखी जागच्या जागी. उलट ट्रकच मागच्या अंगानं किंचित खाली बसला.

"हँडब्रेक ओढला का ओ?" ड्रायव्हर वाकून पाहायला लागला. हँडब्रेक खालीच होता. मग त्याला तिचा पाय दिसला. गुडघा सरळ, घोटा ताठ, बोटं वळलेली. "ओ मावशी! दोर तुटन न! कायले करून राह्यल्या?"

"मले नको इचारू," इंदूबाई म्हणाली. "त्यायले इचार."

कपिल बबनरावांकडे वळला. गल्लीतली माणसं दारात आली होती. जलालभाई हातातला वेल्डिंगचा चष्मा कपाळावर ढकलून उभे होते. बबनराव हळूहळू चालत आले. सगळ्यांना वाटलं, आता ते तिला उतरवतील आणि स्वतः बसतील. इंदूबाईलाही तसंच वाटलं. तिनं त्यांना जागा करून द्यायला अंग थोडं चोरलंही.

ते दारापर्यंत आले. त्यांनी आत पाहिलं. सीटकडे, खाचेतल्या लाल घाणीकडे, तिच्या पायाकडे. मग ते मागच्या चाकाशी गेले. पूर्वी जिथं पडून काम करायचे तिथं. खाली वाकता येत नव्हतं, म्हणून त्यांनी चाकावरच्या पत्र्यावर तळहात ठेवला. मोटर ओढत होती. पत्रा थरथरत होता. चाक नाही.

"पक्के लागले वं," ते म्हणाले.

"धरू?"

त्यांचा तळहात पत्र्यावरच होता. दोर वाजत होता.

"सोड," बबनराव म्हणाले.

तिनं पाय उचलला.

पाट

ट्रक गेला. गेटच्या खांबावरची पिचकारी वाळून काळी पडत होती. इंदूबाईनं बादलीभर पाणी मारलं, खराटा मारला, डाग गेला नाही. तिनं खराटा फेकला.

ओट्यावर पाट तसाच होता. लाल फडक्यावर पान्यांच्या तेलकट आकृत्या उमटल्या होत्या, मोठीपासून लहानीपर्यंत. बाजूला परात. बबनराव पाटाशेजारी बसले होते. पांढऱ्या शर्टाच्या खिशात किल्ली अजून होती. द्यायची राहिली, की कोणी मागितलीच नाही. हळदीकुंकवाचा करंडा मांडीवर होता. त्याचं झाकण ते उघडत होते आणि लावत होते.

"उचलून ठेवू का पाट?" तिनं अंगणातून विचारलं.

"राहू दे."

"रिकाम्या पाटाचं काय करता?"

त्यांनी करंड्याचं झाकण पुन्हा उघडलं.

इंदूबाईनं समोरच्या कट्ट्याकडे पाहिलं. तिथं माणसं बसलेली होतीच. तिनं ओट्याचा खांब धरला, साडी किंचित वर घेतली आणि उजवा पाय उचलून पाटावर ठेवला. टाचेच्या भेगांत कालचं तेल होतं. तळव्यावर पेडलच्या रेघा उमटल्या होत्या.

"लावा," ती म्हणाली.

"इंदे…"

"आज चालवलं न याले? अवजार चालवाचं नसते म्हणे आज. लावा लवकर, घोटा दुखून राह्यला."

बबनरावांनी करंड्यात बोट बुडवलं. तिचा अंगठा तेलकट होता, हळद धरेना. त्यांनी पांढऱ्या शर्टाच्या टोकानं अंगठा पुसला. नखाच्या कडेनंही पुसला. मग पुन्हा लावली. वर कुंकू.

समोर कोणीतरी खाकरलं. इंदूबाईनं तिकडे पाहिलं नाही. पाय तसाच धरून ठेवला.